वीस मेगावॅट आणि एक ग्रामसभा : संत्रापट्ट्यातील एआय डेटा सेंटर प्रस्तावाचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्याच्या संत्रापट्ट्यातील साधारण ३,२०० लोकवस्तीच्या एका गावापुढे २०२५ च्या उन्हाळ्यात एक प्रस्ताव आला. एका खासगी कंपनीला गावालगतच्या चाळीस एकर शेतजमिनीवर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचे, म्हणजे एआयचे, डेटा सेंटर उभारायचे होते आणि त्यासाठी तिने ग्रामपंचायतीकडे ना हरकत ठराव मागितला होता. गाव, कंपनी आणि माणसे ओळखू येऊ नयेत इतपत तपशील येथे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि हिशेबाची रीत मात्र तशीच ठेवली आहे. ग्रामसभेने नेमलेल्या समितीला पाणी व विजेच्या गणितात मी साहाय्य करत होतो.

समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, त्यामुळे राज्यातील बहुतेक डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईच्या आसपास आहेत. मग एवढे मोठे केंद्र विदर्भातील एका खेड्याजवळ कशाला, हा पहिला प्रश्न गावातही निघाला. त्याचे उत्तर एआयच्या कामाच्या स्वरूपात आहे. बँकेचा व्यवहार किंवा व्हिडिओ ग्राहकापर्यंत क्षणात पोहोचावा लागतो. एआय मॉडेलला प्रशिक्षण देण्याचे काम मात्र आठवडेच्या आठवडे एकाच ठिकाणी अखंड चालते आणि त्यासाठी ग्राहक जवळ असण्याची गरज नसते. लागते ती स्वस्त जमीन, मोठ्या दाबाची वीजवाहिनी आणि सरकारी सवलत. या तिन्ही गोष्टी येथे होत्या. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना विद्युत शुल्कात आणि मुद्रांक शुल्कात सूट आहे, आणि अतिउच्च दाबाचे उपकेंद्र गावापासून फार लांब नव्हते.

आता गावाकडून पाहू. विदर्भात वीज कमी तयार होते असे कोणी म्हणू शकणार नाही. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोराडी, खापरखेडा आणि तिरोडा वेगळेच. तरीही या गावातील कृषी फीडरवर थ्री फेज लाईन आठवड्यातील काही दिवस रात्रीच येते आणि शेतकऱ्याला टॉर्च घेऊन, विंचूकाट्यातून ओलितासाठी वावरात जावे लागते. पाण्याची स्थिती त्याहून बिकट आहे. वरुड-मोर्शीचा हा पट्टा भूजलाच्या अतिशोषणासाठी राज्यभर ओळखला जातो. आजोबांच्या काळी विहिरीवर जगलेल्या बागा आज हजार फुटांच्या बोअरवर जगवल्या जातात, आणि मे महिन्यात बोअरने दगा दिला की आंबिया बहाराची फळगळ थांबवणे कोणाच्याच हातात राहत नाही.

प्रश्न नेमका काय होता

कंपनीचे पत्र दोन पानांचे होते. प्रकल्प ‘हरित’ असेल, पहिल्या टप्प्यात संगणकांचा भार २० मेगावॅट असेल, पुढे तो ६० मेगावॅटपर्यंत वाढवता येईल आणि स्थानिकांना रोजगार मिळेल, असे त्यात म्हटले होते. पाण्याबाबत एकच ओळ होती: ‘आवश्यकतेनुसार, प्रस्तावित तीन कूपनलिकांमधून.’ सोबतच्या नकाशात लगतची बारा एकर ई-क्लास, म्हणजे सरकारी गुरचरणाची, जमीन ‘भविष्यातील विस्तार’ म्हणून रंगवलेली होती. गावची गुरे त्या जमिनीवर चरतात, याचा उल्लेख कोठेही नव्हता.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय आला तेव्हा मते सरळ दोन बाजूंना गेली. ज्यांनी जमिनीचा इसार घेतला होता त्यांना आणि शिकून घरी बसलेल्या बऱ्याच तरुणांना ठराव त्याच दिवशी हवा होता. बागायतदार विरोधात होते, परंतु त्यांच्याकडे धास्तीपलीकडे मांडण्यासारखे काही नव्हते. कंपनीच्या प्रतिनिधीने सर्व्हर थंड ठेवण्यासाठी पाण्याचे बाष्पीभवन कसे वापरले जाते, हे बऱ्यापैकी सोप्या भाषेत सांगितले. त्यावर बचत गटाच्या एक ज्येष्ठ काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, म्हंजे हा कूलरच झाला. आमच्या घरच्या कूलरले रोज संध्याकाळी चार बकेटा पाणी टाकाव लागते. तुमच्या कूलरले किती लागते, थे पयले सांगा.” प्रतिनिधीकडे आकडा नव्हता. सरपंच ताईंनी तो प्रश्न जसाच्या तसा इतिवृत्तात नोंदवून घेतला आणि आकडा येईपर्यंत ठराव होणार नाही, असे जाहीर केले. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो. विरोध किंवा पाठिंबा यांपैकी काहीही ठरण्याआधी गावाने मोजमाप मागितले, आणि पुढची सगळी बोलणी त्या मागणीभोवती झाली.

पाण्याचा आणि विजेचा हिशेब

सात जणांची समिती नेमली गेली: सरपंच ताई, दोन बागायतदार, इसार घेतलेले एक शेतकरी, बचत गटाच्या त्या काकू, अमरावतीला अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा आणि वीज कंपनीतून निवृत्त झालेले एक अभियंता. कंपनीचे उत्तर लांबत गेले, म्हणून समितीने स्वतःच अंदाज बांधायचे ठरवले. त्यासाठी कोणतीही गुप्त माहिती लागत नाही.

संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एक युनिट विजेची उष्णता बाष्पीभवनाने काढून टाकायची तर सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. हा पाण्याचा गुणधर्म आहे, त्यात कंपनीच्या कौशल्याला फारसा वाव नाही. २० मेगावॅटचा भार दिवसभर चालला तर ४ लाख ८० हजार युनिट होतात, म्हणजे सुमारे ७ लाख लिटर पाणी रोज हवेत जाते. शिवाय पाणी उडून गेले तरी त्यातील क्षार मागे राहतात, म्हणून टाकीतील काही पाणी सतत सोडून द्यावे लागते. येथील बोअरचे पाणी जड आहे. ते तिपटीपर्यंत घट्ट होऊ दिले तरी आणखी साडेतीन लाख लिटर लागतात. एकूण साडेदहा लाख लिटर. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने या गावाला रोज १ लाख ७६ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे एक इमारत सहा गावांचे पाणी पिणार होती, आणि तेही ज्यांत गावाला टँकरची वाट पाहावी लागते त्या चार महिन्यांतसुद्धा. हा पूर्ण भाराचा हिशेब आहे आणि प्रत्यक्ष भार त्याहून कमी असू शकतो, हे समितीने आपल्या टिपणात स्पष्टपणे लिहिले होते.

विजेचा हिशेब निवृत्त अभियंत्यांनी मांडला. संगणकांना २० मेगावॅट लागले तर थंडावा, दिवे आणि इतर व्यवस्था धरून केंद्राला सुमारे २५ मेगावॅट लागतील. पाच अश्वशक्तीचे साधारण ६,७०० कृषीपंप एकाच वेळी, रात्रंदिवस चालू ठेवण्याइतका हा भार आहे. कंपनीने ‘सौर ऊर्जेवर चालणारे’ असा उल्लेख केला होता, म्हणून तोही पडताळला. रोजचे ६ लाख युनिट सौर पॅनेलमधून काढायचे तर सुमारे १४० मेगावॅटचा प्रकल्प आणि साडेपाचशे एकरांहून अधिक जमीन लागते. वर रात्रीसाठी साठवणुकीची सोय वेगळी. चाळीस एकरांत ते बसत नाही. याचा अर्थ दावा खोटाच होता असा नाही. कंपनी दुसऱ्या जिल्ह्यातून सौर वीज विकत घेऊ शकते. परंतु रात्री दोन वाजता तारेतून येणारी वीज बहुतांशी कोळशाचीच असणार, हे गावाला कळणे आवश्यक होते.

या टप्प्यावर अभियांत्रिकीच्या मुलाने एक रास्त आक्षेप घेतला. चॅटजीपीटीच्या एका सरासरी प्रश्नाला सुमारे ०.३४ वॅट-तास वीज लागते, असे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जून २०२५ मध्ये लिहिले होते. मग एवढा बाऊ कशासाठी? तो आकडा जसाच्या तसा मान्य केला तरी गावाचा प्रश्न त्याने सुटत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जी जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का आहे, आणि २०३० पर्यंत ती सुमारे ९४५ अब्ज युनिटांवर जाईल. जगाच्या पातळीवर दीड टक्का थोडाच वाटतो, पण हा भार जगभर सारखा पसरत नाही. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरने मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी वापरली. भार जेथे उतरतो तेथल्या माणसाला जागतिक सरासरीचा दिलासा मिळत नाही.

कोणते पर्याय होते

सरळ नकार द्यावा, असे बागायतदारांचे म्हणणे होते. त्यात अडचण अशी होती की जमीन खासगी होती आणि ग्रामपंचायतीच्या नकारामुळे प्रकल्प कायद्याने थांबेलच याची खात्री नव्हती. शिवाय कंपनी चार किलोमीटरवरच्या शेजारच्या गावात गेली असती तर बोअर त्याच खडकातून पाणी ओढणार होते, आणि मग या गावाला बोलण्याचाही अधिकार उरला नसता. जसा आहे तसा ठराव देण्याचा पर्याय हिशेब पुढे आल्यावर इसार घेतलेल्या शेतकऱ्यानेच सोडून दिला. त्याची उरलेली सहा एकर संत्र्याची बाग प्रस्तावित बोअरला लागून होती.

प्रकल्प नागपूरकडे न्यावा, अशी सूचना मी केली होती. नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, त्यामुळे सांडपाण्यावर उद्योग चालवण्याची व्यवस्था तेथे आधीच उभी आहे. कंपनीने जमिनीच्या दराचे कारण देऊन ती नाकारली. शेवटी उरला तो अटींसह संमतीचा पर्याय, आणि त्यातील मुख्य अट होती शीतकरणाची पद्धत बदलण्याची.

बाष्पीभवनाऐवजी बंद नळ्यांतून द्रव थेट चिपपर्यंत नेऊन उष्णता बाहेरच्या हवेत सोडता येते. त्यात पाणी एकदा भरले की तेच फिरत राहते. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थंडाव्यासाठी पाण्याचे बाष्पीभवन न करणारा आराखडा स्वीकारल्याचे आणि त्यामुळे दर केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरहून अधिक पाणी वाचत असल्याचे जाहीर केले होते. म्हणजे ही मागणी हवेतली नव्हती. मात्र तिची किंमत असते. मे महिन्यात दुपारी बाहेर ४५-४६ अंश तापमान असताना कोरड्या हवेने पुरेसा थंडावा मिळत नाही आणि कॉम्प्रेसरवर चालणारे चिलर लावावे लागतात. कंपनीच्या अभियंत्याने वर्षाच्या सरासरीने आणखी ३ मेगावॅट लागतील, असे सांगितले.

येथे समितीत चांगलीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ज्यादा वीज कोळशाच्या केंद्रातून येणार असेल तर तिच्यासाठीही पाणी लागते. केंद्र सरकारच्या मानकांनुसार औष्णिक केंद्राला दर युनिटमागे तीन ते साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येते. रोजच्या ७२ हजार ज्यादा युनिटांसाठी सव्वादोन ते अडीच लाख लिटर पाणी चंद्रपूर किंवा तिरोड्याकडे खर्ची पडेल. २०१० च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी चंद्रपूरचे संच बंद ठेवावे लागले होते, हे निवृत्त अभियंत्यांनी आठवण करून दिले. काकूंचा प्रश्न होता की आपली तहान दुसऱ्याच्या गावावर ढकलायची का. आकड्यांनी उत्तर दिले ते असे, की गावात साडेदहा लाख लिटर वाचतात तेव्हा इतरत्र अडीच लाख लागतात, आणि तेही अतिशोषित भूजलातून नव्हे, धरणातून. समितीने कोरड्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला, परंतु हा बोजा टिपणात नोंदवूनच. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. त्याच वेळी हेही लिहिले पाहिजे, की मूळ ६ लाख युनिटांसाठी वीज केंद्रांवर रोज अठरा लाख लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागू शकते आणि त्या पाण्यावर कोणत्याही ग्रामसभेत चर्चा होत नाही.

काय केले

समितीने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला पत्र दिले. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अतिशोषित क्षेत्रात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग सोडले तर नव्या उद्योगाला भूजल उपशाची परवानगी देता येत नाही. हे कलम हाती आल्यावर बोलण्याचा सूर बदलला. कंपनीने डेटा सेंटर हा उद्योग नसून पायाभूत सुविधा आहे, असा युक्तिवाद केला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये डेटा सेंटरना तसा दर्जा दिला आहे, हे खरे आहे. परंतु तो दर्जा स्वस्त कर्ज मिळावे म्हणून दिलेला आहे, तो दाखवून हजार फुटांवरचे पाणी उपसता येईल असे मानायला समिती तयार नव्हती. हा वाद निकाली निघाला नाही. तो निकाली काढण्यात वर्ष घालवण्यापेक्षा आराखडा बदलणे कंपनीला स्वस्त वाटले असावे.

आणखी एक बाब नकाशे तपासताना लक्षात आली. पहिल्या टप्प्याचे बांधकाम क्षेत्र १८,५०० चौरस मीटर दाखवले होते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. टप्पे पाडल्यामुळे प्रकल्प त्या मर्यादेखाली राहत होता. म्हणून समितीने ठरावाच्या मसुद्यात ‘संमती फक्त पहिल्या टप्प्यापुरती, पुढील विस्तारासाठी नवा ठराव’ असे स्वतंत्र वाक्य घातले.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नऊ अटींचा ठराव बहुमताने संमत झाला. त्यांतील मुख्य अटी अशा होत्या: एकही कूपनलिका नाही, शीतकरण बंद पद्धतीचे, ई-क्लास जमिनीला हात लावायचा नाही, पाण्याचे मीटर आणि महिन्याचा वापर ग्रामपंचायतीच्या फलकावर, विजेचा मासिक वापरही जाहीर करायचा, आणि डिझेल जनरेटर शाळेपासून दूर, त्यांची चाचणी फक्त दिवसा. शेवटच्या अटीमागे कारण होते. २५ मेगावॅटचा भार जनरेटरवर घेतल्यास तासाला साडेसहा-सात हजार लिटर डिझेल जळते, आणि जनरेटरची जागा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मागे दाखवली होती.

निष्पत्ती

कंपनीने नऊपैकी सहा अटी लेखी मान्य केल्या. कूपनलिका रद्द झाल्या, बंद पद्धतीचा आराखडा सादर झाला, ई-क्लास जमीन नकाशातून निघाली, जनरेटर शाळेपासून दूर हलवले गेले. पाण्याचा वापर जाहीर करण्यासही होकार आला. विजेचा मासिक आकडा मात्र व्यापारी गुपित असल्याचे सांगून नाकारला गेला. असे नकार परदेशातही मिळाले आहेत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या द डॅलेस या छोट्या शहरात डेटा सेंटर किती पाणी वापरतात, हे उघड होऊ नये म्हणून नगर प्रशासन वर्तमानपत्राविरुद्ध न्यायालयात गेले होते. अखेर तडजोड झाली आणि शहराच्या एकूण पाण्यापैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी तिकडे जात असल्याचे लोकांना कळले. आपल्या गावाने पाण्याचा आकडा इमारत उभी राहण्याआधीच लिहून घेतला, ही लहान गोष्ट नाही.

रोजगाराच्या बाबतीत तरुणांची निराशा झाली. बांधकामाची दोन वर्षे मजुरी मिळेल. त्यानंतर कायम नोकऱ्या काही डझन, आणि त्यांतही सुरक्षा, साफसफाई व बागकाम यांचाच भाग मोठा. वीजवाहिनीच्या मंजुरीला वेळ लागत असल्याने कंपनीने सुरुवात ८ मेगावॅटपासून करण्याचे कळवले आहे. हे लिहीत असताना जागेवर कुंपणाची भिंत आणि मातीकाम झालेले आहे.

काय वेगळे करता आले असते

विहिरी आणि बोअर यांची पाणीपातळी प्रस्ताव आल्याच्या आठवड्यातच मोजायला घ्यायला हवी होती. समितीने ती ऑक्टोबरमध्ये, पावसाळ्यानंतर मोजली. त्या वर्षीची मे महिन्याची नोंद हातची गेली. उद्या पातळी खालावली आणि वाद झाला, तर गावाकडे उन्हाळ्याचा मूळ आकडा नसेल.

शेजारच्या चार गावांना पहिल्या बैठकीपासून बोलवायला हवे होते. भूजल पाणलोटाचे असते, ग्रामपंचायतीच्या शिवेचे नसते. एका गावाच्या अटी कडक आणि शेजारच्याच्या सैल असतील, तर दुसरी कंपनी सरळ शेजारी जाईल.

विजेच्या बाबतीत समितीने आपली ताकद उशिरा लावली. पाण्याचा प्रश्न सुटेपर्यंत विजेची अट शेवटच्या पानावर राहिली, आणि तीच नाकारली गेली. सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आहे. नव्या उपकेंद्राच्या कामासोबतच गावाचे कृषी फीडर दिवसाच्या पुरवठ्यावर आणावे, ही मागणी ठरावाआधी जिल्हा प्रशासनापुढे ठेवता आली असती; त्या वेळी घाई सगळ्यांना होती आणि गावाचे म्हणणे ऐकले गेले असते. आता तीच मागणी सामान्य अर्जांच्या रांगेत आहे.

जमीन विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा विचार झाला नाही, कारण इसार आधीच झाले होते. शेजारच्या गावातून अलीकडे सल्ल्यासाठी काही शेतकरी आले होते. त्यांना समितीने दोन गोष्टी सांगितल्या: इसाराच्या कागदावर सही करण्याआधी भाडेपट्ट्याचा दर विचारा, आणि पाणी व वीज यांचे आकडे एकाच पत्रात, एकाच तारखेला मागा. ६० मेगावॅटच्या विस्ताराचा प्रस्ताव अद्याप आलेला नाही. तो येईल तेव्हा नवा ठराव लागेल, आणि त्यासाठीच्या मसुद्यात विजेच्या आकड्याची अट या वेळी पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवली आहे.